खाल्लेला इसार

लोहाराच्या बायकोच्या खांद्यानं दगा दिला, तो नेमका छाटणीच्या हंगामाच्या तोंडावर. साठ कोयत्यांचं काम अंगावर, त्यातले जेमतेम दहा झालेले, आणि अकराव्याचं पातं ऐरणीवर लालबुंद. बाईनं घण डोक्यावर नेला आणि तो पुढं आलाच नाही. हातून सुटला, मागं पडला, नि ती खांदा धरून जागच्या जागी खाली बसली. लोहार सांडशीत पातं धरून खुळ्यासारखा बघत राहिला आणि ते धरल्या जागी काळं पडलं.

ज्यानं भट्टी जवळून पाहिलीय त्याला सांगायला नको, की लोहारकाम एकट्याचं नव्हे. लोहाराचा हातोडा नुसती जागा दाखवतो. खरा घाव असतो तो समोर उभं राहून घण घालणाऱ्याचा. बावीस वर्षं या भट्टीवर तो घाव बायकोचा होता. कामात दोघं एक शब्द बोलत नसत. हातोडा ऐरणीवर दोनदा वाजला की जोरात, आडवा टेकवला की थांब. येणारीजाणारी माणसं चेष्टा करत, की बायको रोज समोर घण घेऊन उभी राहते म्हणूनच लोहार इतका गरीब स्वभावाचा आहे. लोहारही हसायचा, कारण त्यात खोटं फारसं नव्हतं.

मोठ्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितला, तो छातीच्या वर गेला नाही. आतला स्नायूचा दोर फाटलाय म्हणाल्या. वर्षभर घण नाही, आणि खरं विचाराल तर नंतरही नको. येताना बसमध्ये बायकोनं एवढंच विचारलं, की डाव्या हातानं भट्टीचा पंखा तरी फिरवता येईल ना? लोहारानं खिडकीबाहेर तोंड केलं. येईल म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती पंखा फिरवायला बसली, आणि तो एकटाच ठोकायला लागला. दोघांच्या हातानं दिवसाला पाच कोयते व्हायचे, आता एक होताना नाकी नऊ यायचे. एकट्यानं ठोकायचं म्हणजे डाव्या हातात सांडशी, उजव्यात मोठा हातोडा. चार घाव घालेपर्यंत लोखंड थंड, पुन्हा भट्टीत. त्याचा म्हातारा बाप, आबा, दाराशी बसून जुने खिळे सरळ करायचा. त्याला दिसायचं कमी, पण कान शाबूत होते. तिसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "घावाचा आवाज एकटा येतोय."

रोजानं घण घालणारा माणूस मिळेना. हात मजबूत असलेली सगळी पोरं कारखान्यात लागलेली. मग उरला विजेचा घण. लोहारानं तो एकदा शहरात पाहिला होता. पायानं दाबलं की वरून धाडधाड घाव पडतात, नि समोर कोणाला उभं राहावं लागत नाही. किंमत सव्वा लाख.

तो बँकेत गेला. साहेबांनी जमिनीचा कागद विचारला. जमीन नव्हती. उत्पन्नाचा दाखला विचारला. तोही नव्हता. मग पुरावा तरी काय आहे तुमच्या धंद्याचा, असं साहेब म्हणाले, आणि लोहारानं भाबडेपणानं पिशवीत हात घालून नवाकोरा, धार लावलेला कोयता त्यांच्या टेबलावर ठेवला. रखवालदार धावत आला. रांगेतली बायामाणसं मागं सरली. त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून फाटकाशी हातात दिला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं तर तो म्हणाला, साहेब रजेवर होते.

फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. मोबाइलवर मशीनची चित्रं बघता बघता मध्येच कर्जाची जाहिरात आली होती, तिच्यात त्यानं आपला नंबर टाकला होता. पलीकडून एक बाई बोलत होती. आवाज असा, की साखर घालायला नको. "दादा, जेवलात का?" तिनं पहिलं हे विचारलं. बँकेत त्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. खांद्याचं ऐकलं तेव्हा अगंबाई म्हणाली. मग म्हणाली, जमिनीचा कागद नको, जामीन नको, दाखला नको, तुमचं सव्वा लाख मंजूर झालंय असंच समजा. फक्त फाइलचा खर्च म्हणून दोन हजार चारशे आधी भरा.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसाला इथंच शंका यायला हवी. ज्याला आपल्याला पैसे द्यायचेत तो आपल्याकडेच आधी कसे मागतो? बरोबर आहे. पण लोहाराचा विश्वास बसला तो नेमका या पैसे मागण्यानंच.

त्याचं कारण इसार. या घराची चूल तीन पिढ्या इसारावर पेटलेली. गिऱ्हाईक येतं, काम सांगतं, थोडे पैसे आधी देतं, त्यातून लोहार लोखंड आणतो. तो इसार एकदा घेतला की विषय संपला. मग ताप येवो, घर गळो, काम दिल्याशिवाय सुटका नाही. आबानं एकदा हात भाजला असताना चिंध्या गुंडाळून बारा कुदळी पुऱ्या केल्या होत्या. तो म्हणायचा, जो इसार न घेता गोड बोलतो त्याच्यापासून जपा. इसार घेतला की माणूस अर्धा गिऱ्हाइकाचा झाला. लोहारानं तीस वर्षांत कोणाचा इसार खाल्ला नव्हता, आणि इसार घेऊन कोणी पळतं हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. तेव्हा बाईनं पैसे मागितले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता बाई बांधली गेली, असं त्याला वाटलं.

मोबाइलच्या दुकानातून त्यानं पैसे पाठवले. संध्याकाळी फोनवर एक कागद आला, त्यावर शिक्का, सही, त्याचं नाव, रक्कम. त्यानं तो छापून घेतला आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. बायकोला सांगितलं नाही. मशीन दारात उतरेल तेव्हा तिला हाक मारायची, आणि म्हणायचं, घे, पायानं दाब. एवढंच त्याच्या मनात होतं. बिचाऱ्यानं त्या दोन दिवसांत मशीनची जागासुद्धा झाडून ठेवली.

तिसऱ्या दिवशी बाईचा पुन्हा फोन. साहेबांनी सही केली, पण कर्जाचा विमा उतरवावा लागतो. पाच हजार. हे पैसे कर्जाबरोबर परत मिळतील.

पाच हजार घरात कुठले? होते ते बागवाल्या काकूंचे. साठ कोयत्यांचं काम त्यांचंच. गावाबाहेर त्यांची फळांची बाग होती. नवरा गेल्यावर बाई एकटीनं ती चालवत होत्या, आणि तोंडाच्या इतक्या फटकळ होत्या, की मजूर लांबूनच त्यांची चाल ओळखून कामाला लागत. त्यांच्या इसारातून लोहारानं पहिल्या वीस कोयत्यांपुरत्या ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या भंगारवाल्याकडून आणल्या होत्या. उरलेल्या चाळीसांच्या पट्ट्यांचे पैसे डब्यात होते. त्यानं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं आणि काढले.

त्या दिवशी त्याचा हातोडा दोनदा चुकला. एक घाव सांडशीवर बसला, दुसरा अंगठ्याच्या नखावर. बायको पंखा थांबवून बघत राहिली. पट्ट्या संपत आल्यात, आणायला कधी जाणार, म्हणून तिनं विचारलं. भंगारवाल्याकडे माल आला नाही, तो म्हणाला. बावीस वर्षांत तो तिच्याशी इतकं खोटं बोलला नव्हता, आणि त्याला ते जमतही नव्हतं. पण तिला वाटलं, आपल्या खांद्यापायी याच्या डोक्याला ताप झालाय. ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणून तो आणखी खचला.

मग तिसरा फोन. या वेळी बाईचा आवाज घाईत होता. पैसे निघालेत दादा, नुसता सरकारी कर अडलाय, साडेसात हजार. उद्या पाच वाजेपर्यंत भरले नाहीत तर फाइल रद्द, आणि आधीचं सगळं बुडीत. लोहार म्हणाला, नाहीत हो माझ्याकडे. ती म्हणाली, "घरात काहीतरी असेलच ना विकण्यासारखं? आठ दिवसांत दुप्पट घ्याल."

घरात विकण्यासारखं काय होतं? बायकोच्या अंगावर काळा दोरा. खिळ्यांचा डबा. आणि ऐरण. आज्यानं घेतलेली, नव्वद किलोची, घडीव पोलादाची. भंगारवाल्याला विचारलं तर त्यानं दोनदा खात्री करून घेतली, की हा थट्टा तर करत नाही ना. मग म्हणाला, आठ हजार देतो, सकाळी गाडा घेऊन ये.

सकाळी बायको पाणी भरून आली, तर लोहार पहार घालून ऐरण तिच्या लाकडी ठोकळ्यातून उचकटत होता. शेजारी हातगाडा उभा. आबा दाराशी ताठ बसलेला, हातातला खिळा तसाच. तिनं हंडा खाली ठेवला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, ठोकळा कुजलाय, बदलायचाय. तिनं ठोकळ्यावर पाय आपटून बघितला. बाभळीचं लाकूड, हूं की चूं केलं नाही.

"गाड्यावर घालून ठोकळा बदलतात होय?" ती म्हणाली.

लोहार पहार टाकून खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. फोन, फाइल, विमा, काकूंचा इसार, आणि आज संध्याकाळी पाचची मुदत. त्यानं पेटीतला कागदही आणून दाखवला. तिला वाचता येत होतं जुळवून जुळवून. तिनं सगळा वाचला. लोहार वाट बघत होता, की आता ती कपाळाला हात लावेल, रडेल, चार शिव्या देईल. त्याला ते बरं वाटलं असतं.

"माझ्यासाठी केलंत," ती म्हणाली. "मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

तो म्हणाला, अगं पण ती माणसं खोटी नाहीत. त्यांनी इसार घेतलाय. एकदा सोडून दोनदा घेतलाय. आता मागं कशी फिरतील?

ती ऐरणीवर डावा हात ठेवून उभी होती. तिला काही कोणी शिकवलेलं नव्हतं, पण बावीस वर्षं इसाराचे पैसे डब्यात येताना नि भंगारवाल्याकडे जाताना तिनं पाहिले होते. ती हळूच म्हणाली, "मला एक सांगा. आपण इसार का घेतो?"

"लोखंड आणायला."

"आपल्याकडे लोखंडाला पैसे असते तर घेतला असता?"

"नसता घेतला. कशाला घेऊ?"

"मग ज्याचा मालच पैसा आहे, तो तुमच्या साडेसात हजारांचं काय आणणार आहे बाजारातून?"

लोहारानं कागदाकडे बघितलं. सव्वा लाख. ज्याच्या घरात सव्वा लाख पडलेत, त्याचं काम साडेसात हजारांवाचून अडलंय. एवढी सरळ गोष्ट. लोखंडाचा दोष नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो, आणि हे त्याला दिसलं नव्हतं. तरी माणसाचं मन वेडं असतं; तो म्हणाला, सरकारी कर असेल खरंच, आपल्याला काय कळतं त्यातलं.

"मग त्यांना म्हणा, कर्जातून कापून घ्या," बायको म्हणाली. "सव्वा लाखातून साडेसात काढा आणि उरलेले द्या. देणारा असेल तर त्याला काय फरक पडतो?"

त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा करून ऐरणीवर ठेवला. तिघं भोवती. बाईनं गोडीनं विचारलं, भरले का दादा? त्यानं बायकोचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मग ती म्हणाली, तसं होत नाही, नियम नाही. त्यानं विचारलं, नियम का नाही ताई, पैसे तर तुमच्याकडेच आहेत ना? एवढ्यात फोन कोणीतरी पुरुषानं घेतला. तो एकेरीवर आला. फुकटचे पैसे पाहिजेत का रे, फाइल झालीय, आता भरले नाहीस तर पोलीस घरी येतील, बेड्या घालून नेतील. आबानं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"इसार घेऊन शिव्या देतो," म्हातारा म्हणाला. "हा धंदेवाला नव्हे."

लोहारानं फोन कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा, सहा वेळा वाजला. मग बायकोनं तो पाण्याच्या हंड्याशेजारी पालथा घालून ठेवला.

ऐरण दोघांनी मिळून परत बसवली. म्हणजे त्यानं बसवली, तिनं डाव्या हातानं पाचर ठोकली. त्यानंतर मोबाइलच्या दुकानदाराला घेऊन तो पोलीस चौकीत गेला. चौकीतला हवालदार हसला नाही, हे विशेष. त्यानं सगळे नंबर उतरवून घेतले, म्हणाला, कर्ज देणारा कधी आधी पैसे मागत नाही बाबा, हे चार जणांना सांग. गेलेले मिळतील असं मात्र धरून बसू नकोस. लोहारानं मान हलवली. सात हजार चारशे गेले, त्याचं दुःख होतंच. पण त्यातले पाच त्याचे नव्हते, आणि ते हवालदाराच्या वहीत कुठं लिहायचे हे त्याला कळेना.

चौकीतून तो घरी न जाता सरळ बागेकडे चालायला लागला. वाटेत त्यानं सांगायला दोन गोष्टी तयार केल्या. एक, पट्ट्या चोरीला गेल्या. दोन, भंगारवाल्यानं फसवलं. दोन्ही बऱ्या होत्या. बागेच्या कुंपणाशी पोचेपर्यंत दोन्ही पाठ झाल्या.

काकू मजूरबायांना झाडांच्या ओळी वाटून देत होत्या. डोक्याला रुमाल, हातात चुन्याची बादली. त्याला बघून तिथूनच ओरडल्या, की कोयते कुठायत, रिकाम्या हातानं कशाला आलास? पंधरा-वीस बाया होत्या. सगळ्या वळून बघायला लागल्या. लोहार जवळ गेला, आणि पाठ केलेलं त्याच्या तोंडून निघेचना.

"काकू, तुमचा इसार मी खाल्ला," तो म्हणाला.

बादली खाली आली. काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. दारू प्यायलास का म्हणून विचारलं. नाही म्हणाला. मग त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बायकोच्या खांद्यापासून ते सकाळच्या फोनपर्यंत. बायांसमोर सांगितलं. मागं उभ्या असलेल्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, हीच ना गं ती, तुला जेवलात का म्हणून फोन करणारी? शेजारणीनं पदराआड तोंड नेलं. लोहारानं ते ऐकलं. म्हणाला, हो ताई, तीच असेल, एक पैसा पाठवू नका.

काकू तोंडानं फटकळ, पण हिशेबाला पक्क्या. त्यांनी एकट्या हातानं दिवसाला किती होतात विचारलं. एक म्हणाला. झालेत किती? अठरा. त्यांनी झाडांकडे बघितलं, मनाशी काहीतरी मोजलं. छाटणी थांबणार नाही, म्हणाल्या. तीस कोयते मी दुसरीकडून घेते, तीस तू दे. लोहारानं मान खाली घातली. अर्धं काम गेलं होतं, आणि ते जायलाच हवं होतं.

"तुझ्याकडे पट्ट्या किती?"

"दोन कोयत्यांच्या."

"उरलेल्या दहाच्या पट्ट्या माझ्या खळ्यात जुन्या गाडीच्या पडल्यात, त्या उचलून ने."

आणि तुमचे पाच हजार, असं त्यानं विचारलं. विचारताना त्याची नजर त्यांच्या पायांवर होती. वेळ मागायची होती, किती मागावी ते ठरत नव्हतं.

"त्याचं काय? तुझ्या मजुरीतून कापून घेईन," काकू म्हणाल्या, आणि बादली उचलून ओळीकडे निघाल्यासुद्धा.

दहा पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हा जागचा हललेला नाही. मागं वळून बघतात तर हा बाप्या सगळ्या बायांदेखत रडतोय. त्या वैतागल्या. आता काय झालं, म्हणाल्या, कापणारच ना, सोडून देऊ की काय?

"कापा," लोहार म्हणाला. "कापा काकू. सगळे कापा." सकाळी फोनवर त्यानं कापून घ्या एवढंच म्हटलं होतं, तर तिकडून शिव्या आल्या होत्या.

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी हात झटकला आणि छाटणीला लावलेल्या बायांवर ओरडायला लागल्या. लोहारानं तोंड पुसलं, खळ्यात जाऊन पट्ट्यांची मोळी बांधली आणि खांद्यावर घेतली. ओझं बरंच होतं. तो घराकडे चालायला लागला.